परिषदेला जाताना एकच प्रश्न घेऊन जा : खान्देशातल्या नव्या संवर्धकांसाठी

जुने कागद, पोथ्या, फोटो, खापरं, नाणी सांभाळण्याचं शिक्षण घेऊन नुकतंच कोणी धुळे-जळगाव-नंदुरबारकडे कामाला लागलं, की पैशांच्या आधी एकटेपणाची अडचण समोर येते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात शेजारच्या टेबलावर मान वळवून विचारता येतं, "हा डाग पाण्याचा वाटतो की बुरशीचा?" आपल्याकडे एखाद-दुसरी संस्था सोडली तर त्या शेजारच्या टेबलावर चिटणीस बसलेले असतात, आणि त्यांना डागापेक्षा ऑडिटची काळजी जास्त असते. म्हणून आपल्यासाठी संवर्धकांची परिषद ही भाषणं ऐकण्याची जागा नाही. भाषणं पुढे छापून येतातच. परिषद ही दुसरं मत घेण्याची जागा आहे, आणि दुसरं मत घ्यायला जाणाऱ्यानं आपले रिपोर्ट बरोबर न्यायचे असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या संग्रहातला एक खरा, अडलेला प्रश्न घ्या आणि परिषदेची सगळी तयारी त्याच्याभोवती करा. सारांश (आपल्या कामाची आधी पाठवायची थोडक्यात माहिती), पोस्टर (तेच काम मांडणारा मोठा छापील तक्ता), कोणाला भेटायचं, कोणतं सत्र सोडायचं, कोणता नमुना मागायचा हे सगळं त्या प्रश्नावरून ठरतं. प्रश्न नसेल तर तीन दिवस जातात आणि हातात कापडी पिशवी, पेन आणि गळ्यातलं ओळखपत्र उरतं.

प्रश्न कसा निवडायचा

"जुन्या कागदांचं जतन कसं करावं?" या प्रश्नाला कोणी पाच मिनिटांत उत्तर देऊ शकत नाही आणि देऊही नये. प्रश्न इतका नेमका हवा, की ऐकणारा लगेच विचारेल, "कागद कोणता? शाई कोणती?" आणि ते तुम्हाला सांगता यायला हवं.

खान्देशात असे प्रश्न शोधावे लागत नाहीत, रोज टेबलावर येतात. काही उदाहरणं देते.

एक, लॅमिनेशन केलेली जुनी कागदपत्रं. सेल्युलोज अॅसिटेटची पातळ फिल्म आणि टिश्यू अॅसिटोननं कागदावर बसवायची, हाताने करता येणारी पद्धत दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झाली. महागडं यंत्र लागत नव्हतं, त्यामुळे ती देशभर पसरली. त्या काळाच्या मानानं ती सोय मोठीच होती. आता ती फिल्म पिवळी पडते, ताठ होते, कधी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. अॅसिटोननं ती सुटते हे पुस्तकात आहे. पण वरच्या जांभळ्या रबरी शिक्क्याचं काय होणार? असे शेकडो कागद असतील तर आधी कोणते घ्यायचे? हा परिषदेला न्यायचा प्रश्न.

दोन, हिराकस आणि मायफळाच्या शाईनं लिहिलेली इंग्रजी अमदानीतली रजिस्टरं. मोडी दप्तरात बहुतेक काजळीची शाई असते. ती कागद खात नाही, पण पाणी लागलं की काही वेळा फुटते. हिराकसाच्या शाईचं उलट आहे. तिच्यातलं लोह कागदाला आतून जाळतं आणि अक्षरांच्या जागी भोकं पडतात. एकाच रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, दोन्ही शाया निघाल्या तर ओला उपचार, म्हणजे कागद पाण्यानं धुणं, करायचा की नाही?

तीन, काचेला चिकटलेले फोटो. चाळीसगावला केकी मूस यांनी वर्षानुवर्षं घरात राहून केलेलं छायाचित्रण ज्यांनी पाहिलंय, त्यांना खान्देशात फोटोंचा किती मोठा वारसा आहे हे सांगायला नको. पण मी बोलतेय ती घराघरांतल्या फ्रेमांबद्दल. जिलेटिनचा थर पावसाळ्यात मऊ होऊन काचेला धरतो, उन्हाळ्यात तिथेच वाळतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो.

चार, जो मला स्वतःला सगळ्यात खान्देशी वाटतो : उष्णता. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

प्रश्न ठरला की त्याचा एक पानी कागद करा. वस्तू काय, कशाची, साधारण कोणत्या काळातली. नुकसान काय दिसतं. ठेवलीय कुठे : धाब्याच्या घरात, पत्र्याच्या छताखाली की काँक्रीटच्या खोलीत. आधी कोणी काय दुरुस्ती केली. तुम्ही कोणत्या चाचण्या केल्या. आणि शेवटी एकाच वाक्यात, अडलंय कुठे. हिराकसाच्या शाईचा प्रश्न असेल तर मोकळं लोह दाखवणाऱ्या बॅथोफिनॅन्थ्रोलिनच्या पट्टीची चाचणी करून जा. पट्टी गुलाबी-किरमिजी झाली की नाही, एवढं सांगितलं तरी समोरचा माणूस सावरून बसतो. अॅसिटेट फिल्मचे निगेटिव्ह असतील तर फिल्ममधून निघणारं आम्ल दाखवणारी ए-डी पट्टी निळ्याची हिरवी किंवा पिवळी किती दिवसांत झाली ते लिहा.

फोटो चार पुरेत. एक समोरून सरळ प्रकाशात, एक बाजूनं तिरप्या प्रकाशात, एक मागून उजेड देऊन आणि एक नुकसानीचा जवळून. प्रत्येकात मोजपट्टी आणि रंगपट्टी ठेवा. तिरप्या प्रकाशाला स्टुडिओ लागत नाही, खोली अंधारी करून मोबाइलची बॅटरी टेबलाच्या उंचीवर धरली की काम होतं.

तापमान आणि आर्द्रतेच्या नोंदींशिवाय मात्र घरातून निघू नका. साधा डेटालॉगर, म्हणजे आपोआप नोंदी ठेवणारं छोटं यंत्र, लावा, नसेल तर डिजिटल थर्मो-हायग्रोमीटर भिंतीवर लावून सकाळ-दुपार वहीत आकडे लिहा. निदान एप्रिल ते ऑगस्ट हवेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा भट्टीसारखी कोरडी असते, आणि दोन महिन्यांनी त्याच कपाटात बुरशीचा वास येतो. हा झोका आकड्यांत दाखवता आला तर तुमच्या पोस्टरजवळ लोक थांबतील. आपल्याला सवयीची झालेली ही गोष्ट बाहेरच्याला थक्क करते.

कोणती परिषद

सुरुवात देशातल्या परिषदेनं करा. इंडियन असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ कन्झर्वेशन ऑफ कल्चरल प्रॉपर्टी ही १९६६ पासूनची दिल्लीची संस्था परिषदा भरवते आणि नव्या माणसाला तिथे बोलायची संधी मिळू शकते. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला, म्हणजे एनआरएलसी, १९७६ पासून या क्षेत्रात आहे. तिच्या कार्यशाळा आणि चर्चासत्रांवर लक्ष ठेवा. इंटॅक ही वारसा जतनासाठी काम करणारी १९८४ पासूनची संस्था. तिची संवर्धन केंद्रं आहेत आणि प्रशिक्षणंही होतात. हिंदी चालते, जेवण ओळखीचं असतं, रेल्वेनं जाता येतं. मुख्य म्हणजे तिथे भेटणाऱ्याला वाळवी, पत्र्याचं छप्पर आणि भारनियमन समजावून सांगावं लागत नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर दोन नावं लक्षात ठेवा. आयकॉम-सीसीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या संवर्धन समितीची, परिषद दर तीन वर्षांनी भरते. २००८ साली ती नवी दिल्लीत झाली होती, २०२३ साली स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला. कागद, छायाचित्रं, धातू, वस्त्रं असे तिचे वेगवेगळे कार्यगट आहेत आणि परिषदेला जाता आलं नाही तरी गटाच्या पत्रकांतून पुष्कळ मिळतं. दुसरी आयआयसी, ही संवर्धकांची आंतरराष्ट्रीय संस्था, लंडनची, १९५० ची. तिची काँग्रेस, म्हणजे मोठी परिषद, दर दोन वर्षांनी असते, आणि विद्यार्थी व नवख्या संवर्धकांसाठी ती वेगळी परिषदही घेते.

ऑनलाइन हजेरीचा पर्याय असेल तर पहिल्या वर्षी तो घ्यायला हरकत नाही, पण ते निम्मंच. चहाच्या रांगेतलं बोलणं स्क्रीनवर येत नाही.

इतिहास परिषदांना आणि साहित्य संमेलनांना जरूर जा. २०२४ चं अमळनेरचं संमेलन तर आपल्या अंगणातच झालं. पण तिथे लोक कागदात काय लिहिलंय हे विचारतात. तो कागद आणखी किती वर्षं टिकेल हे विचारणारी मंडळी वेगळीकडे जमतात.

सारांश लिहिताना

परिषदेचा सारांश साधारण अडीचशे-तीनशे शब्दांचा मागतात आणि मुदत परिषदेच्या बरेच महिने आधी संपते. मोठ्या परिषदांची तर वर्षभर आधी. तेव्हा आधी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, मग विषयाचा विचार करा.

नवखे लोक सारांशाची सुरुवात "भारताला थोर सांस्कृतिक वारसा लाभला आहे" अशी करतात. निवड करणारे ते वाक्य शंभर वेळा वाचून बसलेले असतात. पहिल्याच वाक्यात वस्तू आणि अडचण येऊ द्या. असं काहीसं : "तापीच्या खोऱ्यातल्या एका वाचनालयातील लॅमिनेशन केलेल्या कागदपत्रांची पाहणी केली असता फिल्मचं पिवळेपण खोलीच्या जागेनुसार बदलताना दिसलं, पश्चिमेच्या भिंतीलगतचे गठ्ठे सर्वांत जास्त बाधित होते." मग काय तपासलं, काय आढळलं, काय अजून ठरलेलं नाही. शेवटचा भाग लपवू नका. "प्रश्न सुटला" असं खोटं लिहिणाऱ्यापेक्षा "इथपर्यंत आलो, पुढे हे पर्याय आहेत" असं लिहिणाऱ्याशी बोलायला लोक येतात.

इंग्रजीची धास्ती असेल तर आधी मराठीत लिहा, मग लहान वाक्यांत इंग्रजीत न्या. अलंकारिक इंग्रजी कोणालाच नको असते. कोणा प्राध्यापकाकडून भाषा तपासून घ्या, पण त्यांना विशेषणं घालू देऊ नका.

पेपर की पोस्टर? पहिल्यांदा पोस्टरच. पेपरला पंधरा मिनिटं मिळतात, दोन प्रश्न होतात, अध्यक्ष घड्याळ दाखवतात. पोस्टरजवळ तुम्ही तासभर उभे असता आणि ज्याला खरंच तुमच्या विषयात रस आहे तोच येऊन थांबतो. प्रतिष्ठा पेपरला जास्त आहे हे खरं. पण आपण दुसरं मत घ्यायला चाललोय.

आता परवानगी. हा भाग लोक शेवटच्या दिवशी आठवतात. वस्तू संस्थेची आहे, तुमची नाही. फोटो दाखवण्यासाठी विश्वस्त किंवा चिटणिसांचं लेखी पत्र घ्या आणि त्यात कोणते फोटो, कुठे, श्रेयाची ओळ काय हे नमूद करा. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरासारख्या ठिकाणी पोथ्या नुसत्या कागद नसतात, लोकांच्या श्रद्धेचा भाग असतात. वाळवीनं खाल्लेल्या पोथीचा फोटो भर सभेत मोठा करून दाखवायचा का, हे आधी विचारलेलं बरं. खासगी वाड्यातली कागदपत्रं असतील तर कुळांची नावं, जमिनीचे उल्लेख झाका. भाऊबंदकीचे दावे आपल्याकडे तीन-तीन पिढ्या चालतात.

आणि मूळ वस्तू, तिचा तुकडा, सुटलेली कड, काहीही बरोबर नेऊ नका. परदेशी जाताना तर अजिबातच नाही. पुरावस्तू व कलामौल्य कायदा, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखिताच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित, पुरावस्तू ठरू शकतं, आणि ते कोणालाही खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. "एवढीशी कपची आहे" हे कारण कस्टमवाल्याला सांगायची वेळ येऊ नये.

पैसे

संस्थेच्या बैठकीत विषय निघाला की अध्यक्ष विचारणारच, "ताई, तिथं जाऊन आपल्या संस्थेला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. "अनुभव मिळेल" हे उत्तर देऊ नका. एक पानी अर्ज द्या : हा प्रश्न घेऊन जातेय, यावर यांचं मत घेणार आहे, परतल्यावर एवढ्या पानांचा अहवाल आणि कर्मचाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक देईन. खर्चाचे आकडे वेगवेगळे मांडा : नोंदणी, प्रवास, राहणं, पोस्टर. अध्यक्ष एकरकमी मोठा आकडा नाकारतात, पण नोंदणी आणि रेल्वे भाडं बऱ्याचदा मंजूर करतात.

नोंदणी लवकर केली तर स्वस्त पडते. विद्यार्थी किंवा नवख्यांसाठी वेगळा दर आहे का, स्वयंसेवक म्हणून काम केलं तर शुल्क माफ होतं का, हे ईमेल करून विचारा, लाजू नका. आयआयसीच्या काँग्रेसला विद्यार्थ्यांसाठी ब्रॉमेल निधीतून प्रवासाला मदत मिळते. ब्रिटनमधल्या अभ्यास-भेटींसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट वारसा संवर्धनातल्या भारतीयांना साहाय्य करतो. अर्जात शिफारसपत्र लागतं, आणि ते देणारा माणूस गेल्या परिषदेत भेटलेला असू शकतो.

निघण्याआधीचे पंधरा दिवस

सारांशांची पुस्तिका येते तेव्हा ती पहिल्या पानापासून वाचू नका. आपल्या प्रश्नाशी जुळणारे सारांश शोधा, त्यातून चार-पाच माणसं निवडा आणि त्यांना आधीच छोटा ईमेल पाठवा. तीन वाक्यं पुरेत : मी कोण, माझा प्रश्न काय, तुमच्या सत्रानंतर दहा मिनिटं मिळतील का. एक पानी कागद जोडा. उत्तर आलं नाही तरी चेहरा दिसल्यावर "मी धुळ्याहून ईमेल केला होता" असं म्हणता येतं.

त्यांचे जुने पेपर वाचून जा. आयकॉम-सीसीच्या अलीकडच्या परिषदांचे पेपर ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात. ज्याचं काम वाचलंय त्याला विचारलेला प्रश्न वेगळाच असतो.

चाळीस सेकंदांत स्वतःचा प्रश्न सांगायचा सराव करा. आरशासमोर नको, घरातल्या कोणाला तरी सांगा. आईला कळलं तर शास्त्रज्ञालाही कळेल. शेवटी "तुम्ही आधी काय करून पाहिलं असतं?" हे विचारायला विसरू नका. "काय करावं?" असं विचारलं की लोक पाठ्यपुस्तक सांगतात. असं विचारलं की स्वतःच्या टेबलावरचं सांगतात.

पोस्टर ए-शून्य आकाराचं, म्हणजे ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटर, असं बहुतेक ठिकाणी चालतं, तरी उभं की आडवं हे आयोजकांचा नियम पाहून ठरवा. आपल्याकडे छापायला फ्लेक्सवाला असतो आणि त्याचा हात लग्न आणि वाढदिवसाच्या बॅनरवर बसलेला असतो. त्याला सांगावं लागतं, की चकाकणारा फ्लेक्स नको, मॅट कागद किंवा कापड दे, आणि फोटो "उठावदार" करू नकोस. तो कौतुकानं रंग वाढवतो आणि आपल्या पिवळ्या पडलेल्या फिल्मची हळद होते. आधी ए-फोर आकारात नमुना काढून मूळ फोटोशी ताडून पाहा. कापडी पोस्टर घडी करून पिशवीत जातं, नळकांडं सांभाळत बसावं लागत नाही. मजकूर कमी ठेवा, अक्षर दीड मीटरवरून वाचता आलं पाहिजे. खाली क्यूआर कोड आणि शेजारी एक पानी कागदाच्या वीस-पंचवीस प्रती ठेवा.

दिल्लीला जायचं तर पंजाब मेल आहे, लखनौला भुसावळहून पुष्पक. तिकीट आरक्षण उघडल्या दिवशीच काढा, दिवाळी-छठपूजेच्या सुमारास तर नक्कीच. सामानात अॅसिटोन किंवा कुठलंही ज्वालाग्राही द्रावक ठेवू नका, रेल्वेत ते नेणं गुन्हा आहे. प्रात्यक्षिकासाठी लागलंच तर आयोजकांना तिथे मागवायला सांगा.

तिथे गेल्यावर

सगळी सत्रं ऐकायचा हट्ट सोडा. दिवसाला तीन-चार नीट ऐका. उरलेला वेळ पोस्टर, विक्रेत्यांची दालनं आणि जेवणाच्या रांगेसाठी ठेवा. आपले दोन मराठी लोक भेटले की तीन दिवस त्यांच्याबरोबरच जेवण्याचा मोह होतो. एक जेवण त्यांच्याबरोबर करा, भरताच्या आणि शेवभाजीच्या आठवणी काढा, आणि पुढचं ताट अनोळखी टेबलावर न्या.

ऐकताना वहीत दोन रकाने करा. डावीकडे वक्ता काय म्हणाला. उजवीकडे "आपल्याकडे?" उजवा रकाना भरत गेला तरच त्या तीन दिवसांचं चीज झालं. कारण संवर्धनातली कुठलीही पद्धत खोलीच्या हवेवर अवलंबून असते, आणि आपली हवा त्या वक्त्याची नाही.

आता उष्णतेचं घेऊ. पॅरालॉइड बी-७२ हे आपल्या क्षेत्रातलं सगळ्यात विश्वासाचं अॅक्रिलिक रेझिन. पारदर्शक, टिकाऊ, पुन्हा विरघळवता येणारं. फुटलेलं खापर जोडायला, धातूवर थर द्यायला, सुटा रंग धरायला, परिषदेत दर दुसऱ्या स्लाइडवर ते दिसेल. पण त्याचं काचसंक्रमण तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, म्हणजे त्या तापमानाला ते कडकपणा सोडून मऊ व्हायला लागतं. लंडनच्या संग्रहालयात याचा कोणाला त्रास नाही. तापीकाठच्या प्रकाशासारख्या ठिकाणची ताम्रपाषाणयुगीन खापरं मे महिन्यात पत्र्याच्या छताखालच्या खोलीत ठेवली असतील, तर जोड सरकू शकतो आणि वरच्या थराला धूळ चिकटून बसते. मग वक्त्याला विचारा : तुमच्या भांडारात उन्हाळ्यात तापमान किती जातं? बी-४४ वापरून पाहिलंय का? त्याचं संक्रमण तापमान ६० अंशांच्या आसपास आहे, बी-४८एन चं ५० च्या. उष्ण प्रदेशातले संवर्धक बी-७२ मध्ये बी-४४ मिसळून जोडाला ताकद देतात. प्रमाण काय घेतलं, मिश्रण ठिसूळ होतं का, काढताना त्रास होतो का, हे पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा इजिप्त, राजस्थान किंवा आखातात काम केलेल्या माणसाला विचारा. तो माणूस शोधणं हेच तुमचं त्या दिवसाचं काम.

खळीचंही तसंच. गव्हाच्या स्टार्चची खळ थंड देशात फ्रिजमध्ये कितीतरी दिवस टिकते. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी शिजवलेली खळ बाहेर राहिली तर लवकरच आंबूस वास मारते. तेव्हा कोणी खळीवर बोलत असेल तर किती बनवता, किती दिवस ठेवता, वीज गेल्यावर काय करता, हेच विचारायचं. हे प्रश्न बाळबोध वाटतील. पण खोलीत तेच विचारायचे असलेले आणखी चार जण असतात आणि नंतर ते तुमच्याकडे येतात.

वातावरणाच्या आकड्यांबद्दल परिषदेत हमखास वाद ऐकू येईल. आयआयसी आणि आयकॉम-सीसीनं २०१४ साली मिळून जे निवेदन काढलं, त्याचा रोख संग्रहालयांनी स्थानिक हवामान ध्यानात घ्यावं, ऊर्जेची उधळपट्टी टाळावी असा होता. आपल्यासारख्या वातानुकूलन नसलेल्या भांडारांसाठी हे बोलणं महत्त्वाचं आहे. वीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता या जुन्या आदर्श आकड्यांनी नव्या माणसाला न्यूनगंड येतो. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती तापमानाचा झोका किती कमी करतात, याचे आकडे तुमच्याकडे असतील तर तुम्ही त्या चर्चेत नुसते ऐकणारे राहत नाही.

परमुलखातली पद्धत जशीच्या तशी उचलण्याचा धोका सांगायला लांब जायला नको. जळगाव स्टेशनातून पर्यटक जिथे जातात त्या अजिंठ्यात १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहकारी ऑर्सिनी. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला धरून ठेवला, आणि त्या कामाचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं, म्हणजे शेलॅकचं, व्हार्निश दिलं. ते पुढे पिवळं-तपकिरी पडत गेलं आणि नंतरच्या संवर्धकांची बरीच मेहनत ते काढण्यात गेली. माणसं निष्णात होती, हेतू चांगला होता. वहीचा उजवा रकाना अशासाठी.

विक्रेत्यांच्या दालनात फुकट नमुने मिळतात, पण पिशव्या भरत बसू नका. जपानी टिश्यूच्या, म्हणजे फाटके कागद जोडायच्या पातळ कागदाच्या, वेगवेगळ्या वजनांचे नमुने मागा आणि प्रत्येकावर ग्रॅम वजन व धाग्याचा प्रकार तिथेच पेन्सिलनं लिहून घ्या. घरी आल्यावर सगळे सारखेच दिसतात. कमीत कमी किती घ्यावं लागतं, धुळ्याला कुरिअर पोहोचतं का, जीएसटीचं बिल मिळतं का, रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक आहे का, आणि ४५ अंशांत ट्रकमध्ये चार दिवस राहिलं तर माल खराब होतो का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर विक्रेता थबकतो. थबकू द्या.

पोस्टरजवळ उभं राहताना कोणी थांबलं की लगेच पाठ केलेलं भाषण सुरू करू नका. "तुम्ही कशावर काम करता?" असं आधी विचारा. मग आपलं चाळीस सेकंदांत सांगा. सल्ला मिळाला की त्यांच्यासमोरच लिहून घ्या, नाव आणि संस्था तिथेच नोंदवा. दोन तज्ज्ञांचे सल्ले एकमेकांविरुद्ध जाणार, हे धरूनच चाला. एक म्हणेल लॅमिनेशन काढा, दुसरा म्हणेल हात लावू नका, थंड ठेवा आणि डिजिटायझेशन करा. कोण बरोबर हे तिथे ठरवायचं नसतं. कोणत्या परिस्थितीत कोणाचं बरोबर ठरेल, एवढं विचारून घ्या.

दुसऱ्यांच्या पोस्टरचे फोटो विचारूनच काढा, आणि अप्रकाशित कामाचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

परतल्यावर

गाडीतच वही उघडा. घरी पोहोचल्यावर नातेवाईक, साठलेली कामं, संस्थेतला वार्षिक उत्सव, सगळं अंगावर येतं आणि आठवड्यात वहीतले निम्मे शब्द परके वाटायला लागतात. प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक ओळ लिहा : काय सांगितलं, मी काय पाठवायचं कबूल केलं. कबूल केलेलं चार दिवसांत पाठवा.

अध्यक्षांना अहवाल दोन पानांचा द्या. पहिल्या अर्ध्या पानात : प्रश्न काय होता, कोणते पर्याय मिळाले, येत्या सहा महिन्यांत काय करायचं, खर्च किती. सत्रांची यादी आणि व्यासपीठावरचे फोटो शेवटी जोडा, कारण ते वार्षिक अहवालात छापायला हवे असतात. अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक ठेवाल तेव्हा शेजारच्या वाचनालयातल्या, मंदिरातल्या, शाळेतल्या लोकांनाही बोलवा. झाडू कसा मारायचा, पोथीचं फडकं कोणतं घ्यायचं, कडुनिंबाचा पाला ठेवला म्हणून कपाट तपासायचं सोडायचं नाही, इतकं साधं बोला. जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात अशा दहा माणसांची ओळख झाली तर पुढचा अडलेला प्रश्न परिषदेपर्यंत थांबवावा लागत नाही.

मूळ वस्तूवर मात्र लगेच काही करू नका. परिषदेहून आलेल्या माणसाच्या हाताला खाज सुटलेली असते. आधी रद्दीच्या कागदावर, निकामी फायलींवर, बाजारातल्या कवडीमोल खापरावर नमुने करा. बी-७२, बी-४४ आणि त्यांच्या मिश्रणाचे जोड करून ते भांडाराच्या खोलीतच ठेवा, एप्रिलपासून पावसाळा संपेपर्यंत. प्रत्येक नमुन्यावर तारीख, प्रमाण आणि द्रावक लिहा, आणि डेटालॉगर त्याच फळीवर असू द्या. लॅमिनेशन काढण्याची चाचणी करायची तर मूल्य नसलेल्या, पण तसाच शिक्का आणि शाई असलेल्या कागदावर, खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून, जवळ ज्योत किंवा ठिणगी पडणारं काही नसताना. कुलरच्या मोटरकडेही लक्ष असू द्या.

ज्यांनी सल्ला दिला त्यांना ऑक्टोबरमध्ये चाचणीचे निकाल कळवा, जमलं असेल तरी आणि फसलं असेल तरी. ईमेलमध्ये नमुन्यांचे तेच चार प्रकारचे फोटो, तापमान-आर्द्रतेचा आलेख आणि नवा, आणखी नेमका झालेला प्रश्न जोडा. हाच ईमेल पुढच्या सारांशाचा पहिला मसुदा असतो.